प्रकार, भाग आणि भूमिका : यंत्राच्या कोशात संकल्पनांची मांडणी



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते व्याकरणाच्या तासालाही कोश उघडायला लावत, आणि त्यांच्या कितीतरी विद्यार्थ्यांना ती सवय जन्मभराची लागली. म्हणून आजचा विषय कोशाच्या शेजारचाच निवडला आहे. हा कोश मात्र संगणकाने वापरायचा आहे, आणि त्यामुळे त्याची बांधणी आपल्या ओळखीच्या कोशापेक्षा फार वेगळी करावी लागते.

एक साधं वाक्य घेऊ. ‘आजीने उखळात साळ कांडली, तांदूळ पाखडले आणि नातवाला मऊ भात करून घातला.’ इथे बसलेल्या कुणालाही हे वाक्य समजावून सांगावं लागणार नाही. पण ज्याला यातलं काहीच ठाऊक नाही, अशा वाचकाच्या जागी जाऊन पाहा. साळ कांडली की तांदूळ निघतो, हे वाक्यात म्हटलेलं नाही. भात त्याच तांदळाचा केला, हेही नाही. पाखडताना तूस उडून जातं, भाताला पाणी आणि विस्तव लागतो, ‘घातला’ म्हणजे सदरा घालतात तसा घातला नसून जेवायला वाढला, नातू बहुधा लहान किंवा आजारी असावा कारण भात मऊ केला आहे, हे सगळं आपण वाचता वाचता मनाने भरून काढतो. वाक्यात लिहिलेलं थोडं आणि न लिहिलेलं पुष्कळ.

हे न लिहिलेलं कुठेतरी लिहून ठेवायचं आणि यंत्राला वापरता येईल अशा बेताने मांडायचं, या उद्योगाला संगणकशास्त्रात ‘ऑन्टॉलॉजी’ हे नाव पडलं आहे. नाव तत्त्वज्ञानातून आलं. जगात मुळात काय काय आहे आणि त्याचे मूळ प्रकार किती, याचा विचार करणारं ते सत्ताशास्त्र. भाषेवर काम करणाऱ्या संगणकतज्ज्ञांनी त्याला व्यवहारातला अर्थ दिला : कामापुरत्या लागणाऱ्या संकल्पनांची यादी, आणि त्या एकमेकींशी कशा जोडलेल्या आहेत याची लेखी नोंद. यादी करणं तुलनेने सोपं असतं. खरी कसोटी जोडणीत लागते, आणि मी बोलणार आहे ते जोडणीबद्दलच.

आपले शब्दकोश अकारविल्हे असतात. शोधायला ते सोयीचं आहे, यात शंका नाही. पण ‘साळ’ उघडली तर शेजारी ‘साळसूद’ आणि ‘साळुंकी’ भेटतात, आणि तांदूळ मात्र कितीतरी पानं मागे ‘त’मध्ये बसलेला असतो. माणसाच्या डोक्यात शब्द असे लावलेले नसतात, मग कसे असतात? हा प्रश्न धरून १९८५ साली अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठात जॉर्ज मिलर यांनी ‘वर्डनेट’चं काम सुरू केलं. मिलर हे मानसशास्त्रज्ञ. माणसाला एका वेळी साधारण सात गोष्टी मनात धरता येतात, असं सांगणाऱ्या १९५६ सालच्या निबंधामुळे त्यांचं नाव आधीच सर्वत्र झालं होतं. वर्डनेटमध्ये त्यांनी शब्दाऐवजी समानार्थी शब्दांचा संच हे एकक धरलं. पाणी, जल, नीर, उदक हे चार शब्द, पण संच एक, कारण संकल्पना एक. या संचाला ‘सिनसेट’ म्हणतात. मग संचांना संच जोडायचे : हा त्याचा प्रकार, हा त्याचा भाग, हा त्याच्या उलट. वर्डनेटच्या ३.० या आवृत्तीत असे १,१७,६५९ संच आहेत. नामांसाठी आरंभी पंचवीस वेगवेगळी मुळं होती. पुढे ती सगळी एकाच सर्वसमावेशक मुळाखाली आणली गेली.

आपल्याकडे या कामाचं केंद्र मुंबईची आयआयटी. तिथे पुष्पक भट्टाचार्य यांच्या मार्गदर्शनाखाली हिंदी वर्डनेट उभं राहिलं, पाठोपाठ मराठीचं झालं. कोकणीचं काम गोवा विद्यापीठात झालं, आणि या सगळ्या भारतीय भाषांची जाळी एकत्र जोडून ‘इंडोवर्डनेट’ तयार झालं. त्याच्या प्रत्येक नोंदीत समानार्थी शब्द असतात, एक व्याख्या असते, एक उदाहरणवाक्य असतं, आणि त्या संचाची ऑन्टॉलॉजीतली जागा दाखवलेली असते. शेवटची ही गोष्ट बाहेरून पाहणाऱ्याच्या नजरेत फारशी भरत नाही. माझ्या मते नोंदीतला सगळ्यात जोखमीचा भाग तोच.

का, ते सांगतो. ‘बगळा हा पक्ष्याचा प्रकार’ असं एकदा लिहिलं की पक्ष्याबद्दल जे जे लिहून ठेवलं आहे ते बगळ्याला आपोआप लागू होतं. त्याला चोच आहे, तो अंडी घालतो, हे वेगळं सांगावं लागत नाही. पक्षी हा प्राण्याचा प्रकार, म्हणून बगळा जन्मतो, खातो, मरतो, हेही वरून उतरत येतं. गुणधर्मांचा हा वारसाहक्क आहे. त्याच्यामुळे लिखाण वाचतं आणि यंत्राला न सांगितलेल्या गोष्टीही कळतात. पण वारसा चुकीच्या घरातून आला तर चुकाही त्याच वाटेने येतात, आणि एका चुकीच्या जोडणीखाली पुढे शेकडो नोंदी लागत जातात. म्हणून माझं एकच म्हणणं आहे. संकल्पनेची जागा ठरवायची म्हणजे तिच्याबद्दल कोणती अनुमानं काढायला मोकळीक आहे, ते ठरवायचं. तिचं नाव काय, ती कुठल्या दुकानात मिळते, शाळेच्या पुस्तकात कुठल्या धड्यात येते, हे सगळं त्याच्यानंतर.

हळदीचं पाहा. हळद हे पीक आहे. शेतात लावतात तो कंद आहे. दळून डब्यात भरतात ती पूड आहे. ती मसाला आहे, जखमेवर दाबतात तेव्हा औषध आहे, कापड पिवळं करते तेव्हा रंग आहे. ‘उद्या हळद आहे, या’ असं म्हणतो तेव्हा ती लग्नाच्या आदल्या दिवशीचा विधी आहे. घाईने काम करणारा माणूस काय करतो? हळदीला ‘मसाल्याचा प्रकार’ म्हणतो, ‘औषधाचा प्रकार’ म्हणतो, ‘वनस्पतीचा प्रकार’ म्हणतो आणि तीन रेषा ओढून मोकळा होतो. आता औषधाखाली लिहून ठेवलं आहे की औषधाची मात्रा ठरलेली असते, त्याची मुदत संपते, ते कुठल्यातरी व्याधीवर देतात. हे सगळं शेतात डोलणाऱ्या हळदीच्या झाडाला लागू झालं. शिवाय हळदीचा विधी याच नोंदीत कोंबला असेल, तर विधीला मुळं फुटली.

इथे प्रकार आणि भूमिका या दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. निकोला ग्वारिनो आणि क्रिस वेल्टी या दोघांनी २००० च्या सुमारास ‘ऑन्टोक्लीन’ नावाची तपासणीची पद्धत मांडली, तिचा गाभा हाच आहे. ते विचारतात : हा धर्म गेला तरी ती वस्तू उरते का? विद्यार्थी शिक्षण संपवतो, तो विद्यार्थी राहत नाही, पण माणूस राहतो. माणूसपण मात्र काढून घेतलं तर मागे तो कुणीच उरत नाही. तेव्हा माणूस हा प्रकार आणि विद्यार्थी ही त्याने काही काळ घेतलेली भूमिका. यातून एक कडक नियम निघतो : जे टिकाऊ आहे ते तात्पुरत्याच्या पोटात घालायचं नाही. ‘विद्यार्थी हा माणूस’ चालेल, ‘माणूस हा विद्यार्थ्याचा प्रकार’ चालणार नाही. तसंच ‘हळद हा औषधाचा प्रकार’ चालणार नाही. कुणी औषध म्हणून वापरली नाही तरी हळद हळदच असते. मूळ इंग्रजी वर्डनेटमध्येही ही सरमिसळ राहिली आहे. तिथे ‘व्यक्ती’ या संचाला दोन पालक आहेत, एक ‘जीव’ आणि दुसरा ‘घडवून आणणारा’. त्यातला पहिला प्रकार आहे आणि दुसरी उघडच भूमिका आहे.

ही चर्चा आपल्या शास्त्रपरंपरेला अजिबात नवी नाही, आणि हे अभिमानापोटी बोलत नाही. त्यातला तपशील आजही हाती घेऊन वापरण्यासारखा आहे. वैशेषिकांनी पदार्थांची गणना केली : द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष, समवाय, आणि पुढे अभाव. पण मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो दहाव्या-अकराव्या शतकातल्या उदयनाचार्यांचा प्रश्न. दिसेल त्या समान धर्माला ‘जाती’ म्हणायचं का? त्यांचं उत्तर : नाही. कुठल्या कारणांनी एखादा धर्म जाती ठरत नाही, अशी सहा कारणं त्यांनी सांगितली. त्यांना जातिबाधक म्हणतात, आणि त्यातलं एक आहे ‘संकर’.

त्याचं उदाहरण शास्त्रात ठरलेलं आहे. पृथ्वी, जल, तेज, वायू आणि आकाश ही पाच भूतं. मूर्त द्रव्यंही पाच : पृथ्वी, जल, तेज, वायू आणि मन. आता दोन्ही याद्या शेजारी ठेवा. चार नावं दोन्हींत आहेत. आकाश भूत आहे पण मूर्त नाही, आणि मन मूर्त आहे पण भूत नाही. म्हणजे भूतत्व मूर्तत्वाच्या पोटात बसत नाही, मूर्तत्व भूतत्वाच्या पोटात बसत नाही, आणि दोन्ही एकमेकांत अर्धवट शिरले आहेत. असं झालं की दोन्हींना जातीचा मान देता येत नाही. मग तो धर्म खोटा का? तसंही नाही. त्याला ‘उपाधी’ म्हणतात. स्वयंपाकी असणं, म्हणजे पाचकत्व, हा असाच उपाधी. स्वयंपाक करतो म्हणून तो पाचक, त्याची ती वेगळी जाती नव्हे.

हळद आणि औषध यांचं भांडण इथे ठेवून पाहा. सगळ्या वनस्पती औषध नाहीत आणि सगळी औषधं वनस्पती नाहीत. दोन वर्ग एकमेकांत अर्धवट शिरलेले. उदयनाचार्यांनी वनस्पतीला जाती म्हटलं असतं आणि औषधाला उपाधी. आजच्या ऑन्टॉलॉजीत एका संकल्पनेला अनेक पालक द्यायची तांत्रिक सोय आहे, आणि सोय असली की ती वापरण्याचा मोह होतो. मी उदयनाचार्यांच्या बाजूचा आहे. मुख्य वृक्षात प्रत्येक संकल्पनेला एकच पालक असावा. भूमिकांची मांडणी वेगळी असावी आणि ‘वापर’ या नात्याने ती मुख्य वृक्षाला जोडावी. यात काम वाढतं हे खरं. पण हळदीच्या झाडाला मुदत संपल्याची तारीख येत नाही.

वापराबरोबर आणखी काय नोंदवायचं, याचा एक चांगला आराखडा जेम्स पुस्तेयॉव्स्की यांनी १९९५ साली आपल्या पुस्तकात दिला. एखादी वस्तू चार बाजूंनी सांगा, असं ते म्हणतात : ती कशाचा प्रकार, कशाची बनलेली, कशी निर्माण झाली, आणि कशासाठी आहे. तांदूळ धान्याचा प्रकार आहे, त्यात मुख्यतः पिष्ट असतं, तो साळ कांडून निघतो आणि शिजवून खाण्यासाठी असतो. आजीच्या वाक्यातल्या न लिहिलेल्या गोष्टींपैकी निम्म्या इथे लिहिल्या गेल्या.

मात्र ‘कशासाठी’ या प्रश्नाला मुख्य वृक्षाचं खोड करून टाकलं की काय होतं, हेही पाहायला हवं. अमरकोश आपल्या डोळ्यांसमोर आहे. अमरसिंहाने शब्द अर्थाच्या वर्गांनी लावले, आणि म्हणून जगातल्या अर्थानुसारी कोशांचा इतिहास त्याला वगळून लिहिता येत नाही. हैदराबाद विद्यापीठात शिवजा नायर आणि अंबा कुलकर्णी यांनी अमरकोशातले हे संबंध संगणकासाठी मांडून दाखवले आहेत. आता त्यातले प्राणी शोधायला लागा. सिंह, वाघ आणि मांजर सिंहादिवर्गात सापडतात. हत्ती आणि घोडा तिथे नाहीत, ते क्षत्रियवर्गात आहेत, कारण ते सैन्याचे. गाय, उंट, शेळी, मेंढी वैश्यवर्गात, कारण पशुपालन वैश्यांचं. कुत्रा शूद्रवर्गात, शिकाऱ्यांच्या सोबत. मांजर आणि कुत्रा एकाच अंगणात फिरतात, पण कोशात त्यांच्यामध्ये अख्खी वर्णव्यवस्था उभी आहे.

त्या काळच्या वाचकाला हे खटकलं नसेल, कारण त्याच्या जगाची मांडणी तशीच होती. पण याच्यापासून घ्यायचा धडा आजचा आहे. वर्गीकरण करणारा माणूस आपला समाज त्यात नकळत घालतो, आणि यंत्र तो वारसाहक्काने खाली उतरवत राहतं. ‘परिचारिका’ ही नोंद ‘स्त्री’ या संकल्पनेखाली लावली, तर यंत्राच्या लेखी पुरुष परिचारक हा परस्परविरोध ठरतो. ‘सफाई कामगार’ या नोंदीच्या व्याख्येत एखाद्या जातीचं नाव घालणारा माणूस तर त्याहून मोठा अन्याय करतो, आणि तो पुन्हा पुन्हा होत राहील याची सोय लावून ठेवतो. व्यवसाय ही भूमिका आहे. ती माणसाच्या जन्माखाली लावू नये, हे इथे नुसतं नीतीचं सांगणं नाही. तर्कदृष्ट्याही ती जोडणी चूकच आहे.

आता भागांकडे. ‘भाग’ हे नातं दिसायला निरुपद्रवी. नख बोटाचा भाग, बोट हाताचा, हात पखवाज वाजवणाऱ्याचा, आणि पखवाज वाजवणारा भजनी मंडळाचा. मग नख भजनी मंडळाचा भाग का? आपल्याला हसू येतं, यंत्राला येत नाही. ते साखळीने चालत जातं. विन्स्टन, चॅफिन आणि हर्मन यांनी १९८७ साली दाखवून दिलं की ‘भाग’ या एका शब्दाआड अनेक वेगळी नाती लपलेली असतात. अवयव आणि शरीर, सदस्य आणि समूह, अंश आणि राशी, द्रव्य आणि वस्तू, टप्पा आणि प्रक्रिया. एकाच नात्याची साखळी लांबवता येते, मध्येच नातं बदललं तर ती तुटते. हिंदी वर्डनेटने ही नाती वेगवेगळी ठेवली आहेत आणि मराठीला ती तयार मिळाली, ही मोठी सोय झाली. तूस साळीचा भाग आहे, तांदळाचा नाही. कांडणं या क्रियेनेच हा फरक घडतो. म्हणजे वस्तूंची मांडणी क्रियांना सोडून पुरी होतच नाही.

क्रियांचा विचार नेटाने केलेला प्रकल्प म्हणजे अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको स्टेट विद्यापीठातला ‘मिक्रोकॉस्मॉस’. १९९० च्या दशकात सर्गेई निरेनबर्ग, कवी महेश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यंत्राकरवी भाषांतर करण्यासाठी तो उभारला. त्यांच्या वृक्षाच्या शेंड्यावर ‘सर्व’, आणि त्याखाली तीनच फांद्या : वस्तू, घटना, गुणधर्म. द्रव्य, कर्म आणि गुण यांची आठवण होते, पण वैशेषिकांचा हेतू वेगळा होता, यांचा वेगळा. सारखेपणा एवढाच की दोघांनाही कमीत कमी मूळ वर्गांत काम भागवायचं होतं. मिक्रोकॉस्मॉसवाल्यांचा दुसरा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. त्यांनी संकल्पना एका ठिकाणी ठेवल्या, शब्द दुसऱ्या ठिकाणी आणि विशेषनामं तिसऱ्या ठिकाणी. संकल्पना कुठल्याच एका भाषेची नाही असं धरायचं. भाषेच्या लकबी, वळणं, लाडिक प्रयोग सगळे शब्दसंग्रहात सांभाळायचे.

‘खाणे’ हे क्रियापद घेतलं तर या निर्णयाचं मोल कळतं. संकल्पना ‘अन्नग्रहण’. करणारा कुणीतरी प्राणी, खाल्लं जाणारं काहीतरी खाद्य, साधन तोंड. ‘वासरू गवत खातं’ हे त्यात नीट बसतं. पण ‘गाडी फार पेट्रोल खाते’? गाडी प्राणी नाही, पेट्रोल खाद्य नाही. दोन्ही अटी मोडल्या की यंत्राने ओळखावं की इथे दुसरी संकल्पना आहे, काहीतरी खर्ची पडण्याची. ‘साहेबाने पैसे खाल्ले’मध्ये लाच घेण्याची. ‘त्याने डोकं खाल्लं’मध्ये त्रास देण्याची. आणि ‘बंड्याने मार खाल्ला’मध्ये? इथे नवी संकल्पना लागतच नाही. कुणीतरी बंड्याला मारलं, तीच घटना, फक्त मार बसणाऱ्याच्या बाजूने सांगितलेली. विकणं आणि विकत घेणं यांचंही तसंच. व्यवहार एक, देणारा-घेणारा-वस्तू-किंमत तीच, कोणाच्या बाजूने पाहिलं त्यावर क्रियापद बदललं. बर्कलीला १९९७ मध्ये चार्ल्स फिलमोर यांनी सुरू केलेलं ‘फ्रेमनेट’ याच पायावर उभं आहे. मराठीतल्या ‘खाणे’च्या प्रत्येक प्रयोगाला स्वतंत्र संकल्पना देत बसलो तर वृक्ष फोफावेल आणि त्यातून कळणार काहीच नाही. सगळे एकाच संकल्पनेत कोंबले तर गाडीला तोंड फुटेल. शब्द अनेक, संकल्पना मोजक्या आणि त्यांच्यातली वाट नेमकी, एवढंच साधायचं आहे. पण ते साधायला भाषा रोज बोलणारा माणूस लागतो.

कुणी म्हणेल, आता एवढा खटाटोप कशाला? मोठी भाषाप्रारूपं अफाट मजकूर वाचून आपली आपण शिकतात. शंका रास्त आहे. २०१३ साली गूगलमधल्या टोमास मिकोलोव्ह आणि सहकाऱ्यांनी शब्दांना आकड्यांच्या अवकाशात जागा द्यायची सोपी रीत दाखवली, आणि तिथून वारं फिरलं. जे शब्द सारख्या संदर्भात येतात ते त्या अवकाशात जवळ येतात. पण जवळ असणं म्हणजे नातं कळणं नव्हे. ‘गरम’ आणि ‘थंड’ एकाच जागी वापरले जातात, म्हणून ते शेजारी येतात. ते एकमेकांच्या उलट आहेत, हे निव्वळ शेजारावरून कळत नाही. आजची प्रारूपं यापुढे खूप गेली आहेत हे मी मानतो. तरीही चूक झाली तर ती नेमकी कुठल्या जोडणीत झाली, हे बोट ठेवून दाखवता येत नाही. जिथे असं बोट ठेवावंच लागतं, तिथे ऑन्टॉलॉजी आजही टिकून आहे. रुग्णांच्या नोंदींसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘स्नोमेड सीटी’मध्ये साडेतीन लाखांहून अधिक संकल्पना आहेत, आणि त्यांची ‘प्रकार’ नाती माणसं तपासत असतात. मराठीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. इंग्रजीइतका मजकूर आपल्याकडे संगणकावर नाही. जे कुणी लिहिलेलंच नाही ते मजकूर वाचून शिकता येणार नाही. शेतातलं, समुद्रावरचं, सुतारा-लोहाराच्या हातातलं मराठी फार थोडं लिहिलं गेलं आहे.

मराठी वर्डनेट बरंचसं विस्तारपद्धतीने झालं. हिंदीचा संच समोर ठेवायचा, त्याची व्याख्या वाचायची आणि त्याच संकल्पनेला मराठीत काय म्हणतात ते भरायचं. यात वेळ वाचतो आणि भाषा एकमेकींशी जोडलेल्या राहतात. भाताच्या नोंदीत ही पद्धत किती छान चालते पाहा. हिंदीत न कांडलेला दाणा ‘धान’, कांडलेला ‘चावल’, शिजवलेला ‘भात’, आणि त्यालाही ‘चावल’ म्हणतातच. मराठीत न कांडलेला ‘साळ’ किंवा ‘भात’, कांडलेला ‘तांदूळ’, शिजवलेला पुन्हा ‘भात’. गोव्यात कोकणीत न कांडलेलं ते ‘भात’, कांडलेलं ‘तांदूळ’ आणि ताटात येतं ते ‘शीत’. शब्दाला शब्द जोडला असता तर हिंदी स्वयंपाकघरातला भात थेट गोव्यातल्या शेतात जाऊन उभा राहिला असता. संकल्पना तीन, त्यांचे क्रमांक तीन, आणि प्रत्येक भाषेने आपापले शब्द त्यांत ठेवले, म्हणून घोटाळा टळतो.

पण समोरच्या सांगाड्यात खणच नसेल तर? कोकणात आणि मावळात पावसाआधी, भाताचं बी टाकायचं त्या तुकड्यावर झाडांचा पाला, गवत, शेण आणि वर माती असे थर रचून पेटवतात. जमीन भाजून निघते, तण कमी येतं, राख मिसळते, आणि मग पावसाच्या सुरुवातीला तिथे बी पेरतात. याला ‘राब’ म्हणतात. राब रचतात तेव्हा ती सामग्री असते, ‘राबावर गेलाय’ म्हणतात तेव्हा ती जागा असते, ‘राब झाला का?’ विचारतात तेव्हा ती क्रिया असते. याची नोंद कशी करायची?

मी ती अशी करीन. मुळाशी एक घटना : राब भाजणे. करणारा शेतकरी, स्थळ रोपाची जागा, सामग्री पाला-शेण-गवत-माती, साधन विस्तव, काळ पेरणीच्या आधी, परिणाम भाजलेली जमीन, पुढची घटना बी पेरणे. ही घटना शेतीच्या पूर्वतयारीचा प्रकार. मग राबाची सामग्री ही भूमिका : ऐनाचा पाला झाडावर असताना राब नसतो, थरात आल्यावर होतो. राबाची जागा हीदेखील भूमिका : बाकीच्या वर्षात तो शेताचा एक तुकडाच असतो. दोन्ही भूमिका घटनेवर अवलंबून. घटना पुसली तर दोन्ही पुसल्या जातात, आणि पाला मात्र पाला राहतो. एवढं लिहिलं की ‘यंदा पाऊस लवकर आला, राब राहिले’ या वाक्यातून यंत्राला काढता येईल की जमीन भाजायची राहिली, तण वाढेल, पेरणीची अडचण होईल. वाक्यात यातलं काहीही नाही.

अशा नोंदी विद्यापीठातल्या खोलीत बसून होणार नाहीत. भातशेती करणारे, पापलेट-सुरमईची जाळी विणणारे, हातमागावर बसणारे, घराघरांतून पापड लाटणाऱ्या बायका यांच्याकडे ही मांडणी आधीच आहे, आणि आपल्या कुठल्याही आराखड्यापेक्षा ती पक्की आहे. माझी आपल्याला विनंती आहे की आपापल्या भागातला असा एकेक शब्द घ्या आणि त्याच्यापुढे लिहून काढा : हा कशाचा प्रकार, कशाचा भाग, कुठल्या क्रियेत तो कोणती भूमिका घेतो, तो धर्म गेला तर वस्तू उरते का, आणि तो कुठल्या गावाकडे बोलतात. शेवटचा रकाना रिकामा ठेवू नका. एकच शब्द रत्नागिरीत आणि नाशिकला वेगळ्या संकल्पनांना लागत असेल तर तिथेच ते कळतं. शाळेत शिकवणाऱ्यांनी वर्गातल्या मुलांकडून हे करून घेतलं तर आजी-आजोबांना विचारल्याशिवाय एकही रकाना भरता येणार नाही, हे मी त्यांना आधीच सांगून ठेवतो.

प्रश्नांसाठी वेळ राखून ठेवला आहे. ज्यांनी येताना शब्द मनात धरून आणले असतील त्यांनी ते आता सांगावेत, इथेच बसून त्यांची जागा लावायचा प्रयत्न करू.